सायकलीची झूल

मंगरूळपीर सोडलं तेव्हा दुपार कलली होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. सकाळपासून एकच झड लागली होती. आमच्या वऱ्हाडात येऊन जातो त्याला पाऊस म्हणतात. येऊन ठाण मांडून बसतो आणि जायचं नाव घेत नाही, ती झड. अंगावर पुण्याहून घेतलेला महागडा रेनकोट होता. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की मॅडम, एक थेंब आत येणार नाही. आत आलेला एक थेंबही बाहेर जात नव्हता, एवढं मात्र खरं. मी पायडल मारत होते आणि शिव्या देत होते. पावसाला, दुकानदाराला, शिंतोडे उडवत जाणाऱ्या ट्रकवाल्यांना, आणि पुण्यात कोरड्या अंगाने बसलाय म्हणून नवऱ्याला.

मी पुण्याहून नागपूरला निघाले होते, सायकलवर, एकटी. वय पन्नाशीला टेकलेलं. कशासाठी, असं लोक विचारतात, आणि मला आजवर कोणाचं समाधान होईल असं उत्तर देता आलेलं नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, घरात दोघंच उरलो, आणि एक दिवस वाटलं की लहानपणी ज्या रस्त्यांनी यष्टीच्या खिडकीतून गेले ते रस्ते एकदा स्वतःच्या पायांनी कापावेत. इतकंच. पण ते ‘इतकंच’ कोणाला पुरत नाही. रिसोडच्या लॉजवरच्या माणसाने माझं आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “एकल्याच? घरचे काई म्हनत नाईत?” मी म्हटलं, म्हणतात ना, पण इथवर ऐकू येत नाही. तो हसला नाही. त्याने चहा मात्र पाठवला.

त्या दिवशी मला मामाकडे पोचायचं होतं. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याचं गाव मानोऱ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत. मला सायकल शिकवली ती त्यानेच, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्याच्या उंच काळ्या सायकलवर. सीटवरून माझे पाय पोचत नव्हते म्हणून दांड्याखालून पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत. आजोबा ओरडले, पोरीला सायकल कशाला? मामा म्हणाला, “पाय हायेत ना तिले.” विषय संपला. मामा कमी बोलायचा आणि बोललं की ते तसंच असायचं. गावात त्याची ख्याती त्यासाठीच होती.

दुसरी ख्याती त्याच्या बैलजोडीची. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली गावातल्या सगळ्या जोड्या सजवून ओळीने उभ्या करतात. वर्षभर राबलेल्या जनावराचा तो मान. मामाची जागा ठरलेली होती, कडुनिंबाजवळची. त्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या जोडीतला एक बैल म्हातारपणाने गेला. दुसऱ्याने वैरणीला तोंड लावणं सोडलं, तेव्हा मामाने तो शेजारच्या गावातल्या एका एकबैल्या शेतकऱ्याला देऊन टाकला, निदान जोडीला कोणी तरी मिळेल म्हणून. नवी जोडी घ्यायची तर मुलं नको म्हणाली. ट्रॅक्टर होता, कामं होत होती, मुलांचंही चूक नव्हतं. पण मामाकडे आयुष्यात पहिल्यांदा तोरणाखाली न्यायला काही उरलं नव्हतं.

हे तो मला फोनवर सांगत होता. मीही त्याला माझ्या टूरचं सांगत होते, जरा शेखी मिरवतच. आम्हा सायकलवाल्यांचा एक नियम असतो. लांबची टूर काढली की सायकल गाडीत चढवायची नाही. टायर फुटो, पाऊस येवो, ताप येवो, थांबा, पण वाट सायकलनेच पुरी करा. मधलं थोडंसं अंतर जरी टेम्पोत गेलं तरी टूर तुटली. हे मी सांगितलं तेव्हा मामाने नीट विचारून घेतलं.

“म्हनजे पुरी वाट ते सायकलच राबनार?”

“हो.”

“यष्टी नाई, टेम्पो नाई?”

“नाही मामा. तो नियमच आहे.”

“पोळ्याच्या आंदी पोचशीन काय?”

“पोचेन की.”

“मंग यंदा मी तुही सायकल नेतो तोरणाखाली. सजवून. जो राबला त्याले मान. मंग तो बैल असो का लोखंड असो.”

मी खो खो हसले. तो हसला नाही. दोन दिवसांनी मामीचा फोन आला तेव्हा कळलं की त्याने हे पारावर जाहीर करून टाकलंय. लोकांनी टर उडवली. कोणी विचारलं, सायकलला वेसण कुठे घालणार? कोणी म्हणालं, आमी आता मोटारसायकली आणतो. शेवटी तोरण बांधण्याचा मान ज्यांच्या घरात आहे ते म्हातारबाबा म्हणाले की येऊ द्या, काय बिघडतं, पण बैल जसा सगळं वर्ष मान खाली घालून राबतो तशी ती सायकल पुरी वाट राबून आली पाहिजे. मामा म्हणाला, “पुरीच वाट येनार. माही भाची हाय.”

तेव्हा मला हे सगळं गोड आणि गमतीचं वाटलं होतं. रिसोडच्या बाजारात निघताना मी सायकल थांबवली. पोळ्याच्या सामानाची दुकानं प्लास्टिकखाली लागली होती. झुली, बेगड, घुंगरमाळा, रंगीत कासरे. मी हँडलला बांधायला लाल-पिवळे गोंडे घेतले. दुकानदाराने विचारलं, जोडी केवढी आहे? मी सायकलकडे बोट दाखवलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने निघाले.

वाशीमपर्यंत हुरूप होता. वाशीमला रस्त्याकडेच्या हॉटेलात कांदाभजी खाल्ली, दोन चहा प्याले, मोजे पिळून पुन्हा घातले. त्यापुढे हुरूप उतरत गेला. वारा समोरून. दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी लगडून पाण्यात उभं, शेतात माणूस नाही, रस्त्यावर माणूस नाही. मंगरूळपीरच्या पुढे रस्त्याचं काम काढलेलं होतं आणि कडेच्या काळ्या मातीतून जायला लागत होतं. काळी माती ज्याने पावसात पाहिली आहे त्याला सांगायला नको. ती मडगार्डमध्ये शिरली आणि चाक फिरेना. उतरायचं, काडीने उकरायचं, पुन्हा निघायचं. काडी सापडेना तेव्हा बोटांनी उकरली. बोटांना काही कळेनासं झालं होतं. ब्रेक लावले की नुसता चर्र असा आवाज यायचा, सायकल आपल्या मर्जीने थांबायची. एका पाण्याच्या टाकीजवळ मी बाभळीखाली उभी राहिले आणि चक्क रडले. दुखतंय म्हणून नाही, राग आला म्हणून. मला राग आला की रडू येतं, लहानपणापासून.

तेवढ्यात एक पिकअप गाडी येऊन थांबली. मागे भाजीची रिकामी कॅरेट दोरीने आवळलेली. चालवणारा माझ्यापेक्षा थोडा लहान, शेजारी त्याची बायको. भाजी घेऊन बाजाराला गेले होते आणि परत चालले होते.

“ताई, कायले भिजून राह्यल्या? बसा ना.”

मी नको म्हटलं. नियम सांगितला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती काच खाली करून म्हणाली, “असा कसा नियम व बाई? कोन पाहून राह्यलं?”

कोणीच पाहत नव्हतं. खरंच कोणी नव्हतं. फाटा फार लांबही राहिला नव्हता. धडधाकट दिवस असता तर तासाभराची गोष्ट. मी मनाशी हिशेब केला की फाट्यावर उतरायचं आणि तिथून आत गावापर्यंत सायकलने जायचं. मामाच्या दारात सायकलवरूनच उतरायचं. शेकडो किलोमीटर आले, त्यात एवढंसं गाडीतून गेलं तर कोणाचं काय गेलं? हा विचार करायला मला जेवढा वेळ लागला त्याच्या आत त्या भल्या माणसाने सायकल कॅरेटवर चढवून बांधलीसुद्धा.

गाडीत मेथीचा वास होता आणि ऊब होती. त्या बाईने मला कोरडा टॉवेल दिला, मग स्वतःच माझं डोकं पुसायला लागली. मला इतकं बरं वाटलं की आजही ती ऊब आठवली की मी स्वतःला पूर्ण दोष देऊ शकत नाही. गाडी चढ चढली, उतरली, एक नाला मागे पडला. मी काचेतून पाहत होते. हा चढ मी चढायला हवा होता, असं एकदा मनात आलं आणि गेलं.

फाट्यावर यष्टीचा थांबा आहे, पत्र्याचा. त्या पत्र्याखाली मामा उभा होता.

डोक्यावर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, हातात छत्री मिटलेली. ती माझ्यासाठी आणली असणार. तो माझ्या दिशेने, म्हणजे रस्त्याकडे, पाहत होता. सायकल कधी दिसते म्हणून. पिकअपकडे त्याने लक्षच दिलं नाही. ती थांबली आणि दार उघडून मी उतरले तेव्हासुद्धा त्याची नजर क्षणभर माझ्या मागे रस्त्यावरच होती.

मग त्याने मला पाहिलं. कॅरेटवर बांधलेली सायकल पाहिली.

तो पुढे आला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, ती केवढीही असो. तो त्या चिखलात वाकला, माझ्या बुटांना हात लावला आणि कपाळाला लावला. मी म्हटलं, मामा, असू दे रे. त्याने गाडीवाल्याला हात दिला आणि सायकल खाली घेतली.

“हळू,” तो म्हणाला. “दांडी लागन.”

गाडी गेली. मी म्हटलं, “मामा, फार पाऊस होता.”

“हाव ना. झड हाय.”

“ब्रेक गेले होते. चाक फिरत नव्हतं.”

“हाव.” मग त्याने विचारलं, “कुठून बसली?”

“पाण्याच्या टाकीपासून.”

त्याने मान हलवली. “हाय थोडंसंच,” तो म्हणाला. ते मला समजावण्यासाठी होतं हे मला कळलं, आणि तिथेच मला पहिल्यांदा वाईट वाटलं. मी सायकल घ्यायला हात पुढे केला तर त्याने दिली नाही. फाट्यापासून गावापर्यंत तो सायकल हातात धरून चालत आला, चिखल असेल तिथे उचलून. मी मागून छत्री घेऊन. वेशीजवळ एका ओट्यावरून कोणी तरी हाक मारली, “आली काय मामाची जोडी?” मामा म्हणाला, “आली.” थांबला नाही.

दारात मामीने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि गरम पाण्याची बादली पुढे केली. अंघोळ करून मी आत आले तर मधल्या खोलीत दोरीवर झूल वाळत घातलेली होती. जोडीच्या अंगावरची जुनी लाल झूल मी ओळखली, आरशांचे तुकडे लावलेली, कडेला पिवळी झालर. पण ती अर्धी होती. मधून कापलेली, कडा शिवून घेतलेल्या, समोर हँडल बाहेर काढायला भोक ठेवलेलं. मामी म्हणाली, “मी म्हनलं व्हतं, कापू नका. सासऱ्याच्या वक्ताची झूल हाय. पन आयकते कोन? म्हने, सायकलीले तेवढी मोठी कायले, लोंबन, चाकात येईन. सोता बसून शिवली.”

मी त्या शिवणीवर बोट फिरवलं. मोठे मोठे टाके, पोतं शिवायच्या सुईचे. मला मामीला सांगायचं होतं की मी गाडीतून आले. मामाने सांगितलं असेल असं समजून मी गप्प राहिले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेले बैलांचे खांदे तुपाने-हळदीने चोळतात, पळसाच्या पानांनी शेकतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशीचं आवतन देतात. त्यानंतर पोळा होईपर्यंत त्यांच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही. ती संध्याकाळ तीच होती, पण गोठा रिकामा होता. मामाने धुतलेली सायकल तिथे नेऊन उभी केली. मग तो पाणी, तूप, हळद आणि पळसाची पानं घेऊन घरात आला आणि मामीला म्हणाला, “शेक तिचे गुडघे.” मला हसू आवरेना. मामीने शेकायला घेतलं तेव्हा हसू थांबलं, कारण गुडघे खरोखरच ठणकत होते. मामा वाटी धरून उभा होता. शेवटी त्याने माझ्या कपाळाला हळद लावली आणि बैलांना म्हणतात तसं म्हणाला, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

मी पण मोठ्याने म्हटलं, “घेतलं!” सगळे हसले. मामाही हसला. गोठ्यात जाऊन त्याने सायकलला आवतन दिलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सकाळी जाग आली तर खिडकीतून ऊन आत आलं होतं. झड सरली होती. अंगणात चिमण्या, पत्र्यावरून वाफा. बाहेर आले तर सायकल अंगणात उभी. मडगार्डमधली माती कोरून काढलेली, साखळीला तेल, चाकांत हवा, ब्रेकची तारसुद्धा ओढून घट्ट केलेली. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. मामा बाजूला उकिडवा बसला होता.

“उघाडलं हाय,” तो म्हणाला.

“हो ना. बरं झालं.”

“रस्ता सुकला असन.”

“असेल,” मी म्हटलं आणि चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले.

तो जरा वेळ तिथेच राहिला. “ब्रेक लागून राह्यले आता,” तो म्हणाला. “पाह्य पाह्यजे तं चालवून.”

“आज मी सायकलला हात लावणार नाही, मामा. आज पोळा. आज माझा आराम.”

“बरं,” तो म्हणाला आणि उठला.

हे संभाषण मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता मला त्यातला प्रत्येक शब्द त्याच्या आवाजात ऐकू येतो. तेव्हा मी चहात पोळीचा तुकडा बुडवत होते आणि नवऱ्याला फोटो पाठवत होते.

दिवसभर पुरणाचा वास होता. दाराशी पळसाच्या फांद्या रोवल्या होत्या. दुपारनंतर गावभर घुंगरांचे आवाज सुरू झाले. जोड्या आखराकडे निघाल्या. बॅगेत गोंड्यांचा रंग माझ्या कपड्यांना लागला होता, तरी ते चांगले दिसत होते. ते घेऊन मी गोठ्यात गेले. सायकलवर झूल घातलेली होती आणि ती तिला अगदी मापात बसली होती. समोर पुरणपोळीचं पान ठेवलेलं, हळदीकुंकू वाहिलेलं. मामा डोक्याला नवा फेटा बांधत होता.

“हे हँडलला बांधू?” मी विचारलं.

“बांध.”

मी बांधले. “चला मग.”

“तू ये मागून मामीसंग. मी जातो.”

“आणि सायकल?”

“नाई नेत.”

मला वाटलं तो लोकांच्या हसण्याला घाबरला. मी म्हटलं, “मामा, मी कोणाला सांगितलं नाहीये. फाट्यावर कोणी नव्हतं. कोणाला माहीत आहे?”

त्याने फेट्याचं टोक खोचलं. “तिथं बैल उभे राह्यतात, बाई,” तो म्हणाला. “ते पुरे राबलेले राह्यतात.” आणि तो गेला.

मी तिथेच उभी होते. मामी आली. तिला मी म्हटलं की एवढ्याशा अंतरासाठी कोणी असं करतं का, आणि मग, राग आल्यामुळे, म्हटलं की त्याला इतकंच वाटत होतं तर सकाळी सांगायचं होतं, मी टाकीपर्यंत जाऊन आले असते, दुपारच्या जेवणाच्या आत आले असते.

मामी म्हणाली, “थेच तं वाट पाहून राह्यले व्हते सकायपासून. तू जाशीन म्हनून.”

“मग सांगायचं ना!”

“कसं सांगन? शेकनी झाली, आवतन देल्लं तुले. आवतन देल्ल्यावर पोळ्याच्या दिवशी कामाले लावते काय कोनी?”

म्हणूनच काल त्याने सायकलला आवतन दिलं नव्हतं, तिचं राबणं अजून उरलं होतं. उघाडलं हाय. रस्ता सुकला असन. ब्रेक लागून राह्यले. जे तो मागू शकत नव्हता ते त्याने तीन वेळा माझ्यापुढे ठेवलं होतं. मी वऱ्हाडातच वाढलेली, खांदशेकणी काय असते हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मी पाहुणी होऊन आले होते आणि पाहुणीसारखी ओट्यावर बसून चहा पीत होते.

आम्ही आखरावर गेलो तेव्हा जोड्या लागल्या होत्या. पूर्वीइतक्या नाही, फार थोड्याच, कारण ट्रॅक्टर सगळीकडेच आले आहेत. कडुनिंबाजवळची जागा मोकळी होती. मामासाठी ठेवली होती. मामा त्या जागेपासून दूर, ज्यांच्याकडे बैल नाहीत त्या माणसांत उभा होता. तोरणवाल्या म्हातारबाबांनी हाक मारली, “काय हो, कुठं हाय तुमची पुन्याची जोडी?”

सगळे वळले. मामाने गळा साफ केला. “पुन्याहून आली,” तो म्हणाला. “पन पुरी नाई आली. शेवटचं टेम्पोत आली. मंग नाई आनली.”

कोणी तरी हसलं. म्हातारबाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “अहो, येवढ्या झडीत! चालते. आना.” आणखी दोघं-तिघं म्हणाले, आना, आना. ते मनापासून म्हणत होते. मामाने मान हलवली. “मीच म्हनलं व्हतं, पुरी वाट,” तो म्हणाला.

मग झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, म्हणायला सुरुवात झाली. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, लोक हसून लोळत होते. मामाच्या झडत्या गावात ऐकण्यासारख्या असायच्या, त्या दिवशी तो बोलला नाही. तोरण तुटलं, बैल धावले, धुरळा उडायला ओली जमीन, म्हणून चिखल उडाला. मोकळी ठेवलेली जागा शेवटपर्यंत तशीच राहिली. मी बायकांत उभी होते. मला वाटत होतं की एवढा पश्चात्ताप माणसाला मोठ्या गोष्टीचा होतो, आणि ही गोष्ट तर सांगायला गेलं तर कोणाला कळणारसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याने मला पहिलं पान वाढायला लावलं. खूप आग्रह केला. दूध, तूप, आणखी एक पोळी. एका शब्दाने काही काढलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, “जेव.”

दुसऱ्या दिवशी मी निघाले. मामा पाया पडला. मामीने झूल घडी करून माझ्या बॅगेत कोंबली. “ने,” ती म्हणाली, “ते आता बैलाले पुरत नाई.” मामा तेव्हा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला शेतावर न्यायची भाकर फडक्यात बांधत होता. त्याने वर पाहिलं नाही.

फाट्यावर येऊन दिग्रसच्या दिशेने वळायचं होतं. मी उलटी वळले. चढ, उतार, नाला, आणि ती पाण्याची टाकी. बाभळीखाली थांबले, पाणी प्याले, आणि सायकल फिरवून पुन्हा निघाले. ऊन होतं. सोयाबीनवर वारा होता. जेमतेम तासाभरात मी फाट्यावर आले, घामाने निथळत, लाल-पिवळे गोंडे हँडलवर उडत होते. पत्र्याच्या थांब्याखाली कोणी नव्हतं. तिथे एक शेळी बसलेली होती.

मी मामाला फोन लावला. तो शेतात होता, वाऱ्याचा आवाज येत होता.

“मामा, मी टाकीपर्यंत परत गेले होते. तिथून सायकलने आले. फाट्यावर उभी आहे. आता पुरी झाली वाट.”

पोळा सरला होता, मी आता त्याची आवतनाची पाहुणी नव्हते, त्यामुळे आता त्याला बोलायला मोकळीक होती.

“काल गेली असती तं बरं झालं असतं, बाई,” तो म्हणाला.

मग त्याने विचारलं की ब्रेक नीट लागतात का. मी म्हटलं, लागतात. “बरं,” तो म्हणाला. “पानी पे. अन् हळू जाय.”